पार्किनच्या पोटाखालची गाठ

क्रॉसगिल, डरहॅम परगणा
गुरुवार, ३ एप्रिल १९९७

ती. मॉडताईस,
धाकट्या हेटीचा कोपरापासून न., वि. वि.

सगळ्यांत आधी कोण टपकलं म्हणशील, तर नेली प्रॉक्टर. मी अजून अंगातला कोटसुद्धा काढला नव्हता. तिच्या पाठोपाठ फेरेट क्लबातले दोघे-तिघे, आणि शेवटी, पाय पुसायचे विसरून, आर्थर टीझडेल स्वतः. माझा विल्फ गेला तेव्हा एवढी माणसं माझ्या स्वयंपाकघरात आली होती, त्यानंतर या सोमवारीच. आणि आली ती पार्किनसाठी.

आता तू कपाळाला आठ्या घालशील. तू त्याला केसाळ पायमोजा म्हणतेस, ठाऊक आहे मला. पण विल्फने पाळलेल्या फेरेटांच्या शेवटच्या वेतातला हा एकटा उरलाय, आणि रंग पार्किनचा, आपल्या आल्याच्या केकचा, म्हणून विल्फनेच त्याचं तेच नाव ठेवलं. हिवाळाभर मुंगसासारखा सशांच्या बिळांत घुसून ससे बाहेर हाकलतो, उरलेलं वर्ष माझ्या पायाशी झोपतो. वजनदार नरांच्या गटात तीन वर्षं पहिली फीत त्याचीच. आमच्या लेकीने, लॉरेनने, नवे पडदे लावलेत, तिला वाटलं मी ते बघायला येईन, पण ईस्टरच्या सोमवारी प्रदर्शन असतं हे तिला जन्मापासून माहीत असायला हवं. पडदे शेवाळी रंगाचे आहेत. मला नाही आवडले.

तर प्रदर्शन. परीक्षक आर्थर. तो कसा बघतो तुला आठवत असेल, बाबांचा जोडीदारच तो खाणीतला: काखेत धरून लोंबकळत ठेवायचं, दात बघायचे, नखं बघायची, मग अंगठा पोटावरून खाली न्यायचा. डाव्या हाताची दोन बोटं खाणीत राहिली, पण अंगठा शाबूत आहे. तो अंगठा पार्किनच्या पोटाखाली जाऊन थांबला. लघवीच्या जागेच्या अगदी शेजारी. आर्थरने त्याला पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि फीत दुसऱ्याच्या पेटीला बांधली. सगळ्यांसमोर. मी त्याला काय काय म्हटलं ते चर्चच्या हॉलात म्हणायचं नसतं.

घरी येऊन मग त्याने सांगितलं. खरं तर ती गाठ मला फेब्रुवारीपासून माहीत होती. वाटाण्याएवढी. बिळात कोंडला की ससा पाठ फिरवून मागच्या पायांनी लाथ हाणतो आणि फेरेटच्या अंगावर गाठ येते, इथे प्रत्येकाच्या फेरेटला कधी ना कधी आलीय. हंसाची चरबी चोळायची, पंधरा दिवसांत उतरते. विल्फ तेच करायचा, बाबाही. मी सकाळ-संध्याकाळ चोळली. पार्किन चाटून टाकायचा आणि आणखी मागायचा. नेली तर सोमवारी चरबीचा नवा डबाच घेऊन आली होती.

आर्थर म्हणाला की लाथेची गाठ बोटाखाली सरकते, ही सरकत नाही, धरून बसलीय. आणि वासही वेगळा आहे. मी म्हटलं, नर आहे, नराला वास येणारच. तो म्हणाला, तीन वर्षांपूर्वी तूच त्याला खच्ची करून आणलंस ना, मग कसला नराचा वास. मी म्हटलं माझ्या दुसऱ्या फेरेटची, पेगची, पिल्लं व्हायची आहेत, ती झाली की नेते डॉक्टरकडे. तर म्हणाला, पुढच्या सोमवारी, हेटी, नाहीतर मी येऊन घेऊन जाईन. तो गेल्यावर नेली म्हणाली की वर्षाचा चषक आर्थरच्या स्वतःच्या फेरेटला, ड्यूकला, मिळावा म्हणून हे सगळं चाललंय. मी हसले. पण टोस्ट तसाच राहिला बशीत.

तर सोमवारी जाते. तुझा लोभ आहेच, त्यातला चिमूटभर या चार पायांच्याकडेही वळव.
तुझी,
हेटी


एडिंबरा
९ एप्रिल १९९७

चि. हेटीस,
अ. उ. आ., म्हणजे तुझं पत्र वाचून जेवढे शिल्लक राहिले तेवढे.

पहिल्या दोन पानांत तुझ्या घरी कोण आलं ते कळलं, तिसऱ्यात पडद्यांचा रंग कळला, आणि का आले ते चौथ्या पानावर. शाळेतही तू असंच उत्तर लिहायचीस, म्हणून चौदाव्या वर्षीच बाहेर पडलीस.

माझ्या लग्नाच्या सकाळी बाबांचा फेरेट माझ्या बुटात शिरला होता, हे तू विसरलीस. फोटोत मी एका पायावर उभी आहे. डंकन बिचारा मरेपर्यंत लोकांना सांगायचा की नवरी लाजून वाकली होती. तेव्हा या जातीबद्दल माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस.

पण एक लिहिते, रागावू नकोस. विल्फ खोकायचा तेव्हा तुम्ही दोघं त्याला खाणीची धूळ म्हणायचात. दोन वर्षं धूळ म्हणालात. आता ही सशाची लाथ. हेटी, तुला प्रत्येक दुखण्याला एक निरुपद्रवी नाव द्यायची खोड आहे. डॉक्टर काय म्हणतो ते ऐक, आणि त्याने वेळ आली म्हटलं तर तेही ऐक. तुझ्यासाठी त्या जिवाला ओढत बसू नकोस.

हंसाची चरबी बटाटे तळायला वापर.
खुशाली कळवत जा, माया कमी झालेली नाही, फक्त स्पष्ट झाली आहे.
मॉड


क्रॉसगिल
शनिवार, २४ मे १९९७

ती. मॉडताईस,
न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला तोंड नव्हतं.

डॉक्टर तरुण आहे, कान लाल, हात फार हळुवार. एप्रिलात त्याने गाठ बघितली आणि म्हणाला, आजूबाजूची कातडी धरून कापतो. मी म्हटलं, बाळा, जेवढी गाठ तेवढीच काप, अरे तो माझ्या हाताच्या कोपरापर्यंत येतो फक्त, त्याच्या अंगावर आहे काय कापायला. त्याने माझं ऐकलं. शेंगेतून वाटाणा काढावा तशी गाठ काढली. ती तपासायला पाठवू का म्हणाला, तर मी म्हटलं, बाहेर आली ना, मग तिची चौकशी कशाला. तेही ऐकलं. दोन टाके. मी नेलीला सांगत सुटले की बघ, झालं.

पाच आठवड्यांत टाक्याच्या कडेलाच पुन्हा आली. एकीच्या दोन झाल्या, आणि एक फुटून ओली झाली. या वेळी त्याने मला न विचारताच तुकडा पाठवला. काल निकाल आला. कातडीत वासाच्या ग्रंथी असतात, त्यांचा कॅन्सर. त्यातही फार वेगाने पळणारा प्रकार, जांघेतल्या गाठींत आणि तिथून छातीत जाणारा. रोगाचं नाव इतकं लांब आहे की ते लिहायला मला दुसरं पाकीट लागेल.

डॉक्टर म्हणाला, आजीबाई, मी तुमचं ऐकायला नको होतं. मी म्हटलं, मी सांगायला नको होतं. दोघंही बसलो आपापला दोष धरून, आणि मध्ये टेबलावर पार्किन त्याच्या छाती तपासायच्या नळीला चावत होता. मग तो म्हणाला की दोनच वाटा आहेत. एक तर महिनाभरात त्याला शांतपणे झोपवायचं. नाहीतर तुझ्या एडिंबऱ्याला, विद्यापीठाचा जनावरांचा मोठा दवाखाना आहे, तिथे किनकेड नावाच्या सर्जनबाई आहेत, त्यांनी अशा गाठी काढल्यात. पण त्या मोठं कापतात, आणि खात्री त्याही देत नाहीत.

तू धुळीचं लिहिलंस ते मला लागलं. आठवडाभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. पण खरं आहे ते. म्हणून या वेळी नाव बदलणार नाही. कॅन्सर आहे, आणि मी छोटं कापायला सांगितलं म्हणून तो परत आला. तो खातोय, खेळतोय, माझे मोजे पळवतोय. माझ्या चुकीसाठी मी त्याला झोपवणार नाही, ताई.

आर्थर आला होता. म्हणाला, अशा गाठीचे दोन फेरेट त्याच्याकडे होते, तो ऐन तरुण असताना. त्या काळी दुसरं काही करता येतं हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच शेडमागे नेऊन संपवले. हे सांगताना खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, तू जा, पेगला आणि तिच्या आठ पिल्लांना मी बघतो. पेग त्याला चावते. म्हणाला, चावू दे.

तर मी त्याला घेऊन येऊ का? पेटीत राहील. तुझ्या नजरेसमोर येऊ देणार नाही. नाही म्हणालीस तरी रागावणार नाही, पण मग स्टेशनवर राहावं लागेल आम्हाला.
तुझ्या मायेवर भरवसा ठेवून,
हेटी


एडिंबरा
२८ मे १९९७

चि. हेटीस,
अ. उ. आ.

स्टेशनवर राहायच्या धमक्या देऊ नकोस, वय झालं तुझं. शुक्रवारी, सहा तारखेच्या सकाळच्या गाडीने ये.

तो मोरीत राहील. बैठकीच्या खोलीत नवा गालिचा आहे. मी त्याला हात लावणार नाही, खायला घालणार नाही आणि नावाने हाक मारणार नाही.

दवाखान्यात जाऊन आले. बस वळणावरच थांबते. नंतर आपली धावपळ नको म्हणून चौकशी केली एवढंच. नावनोंदणीच्या मुलीने वजन विचारलं, मी म्हटलं, पाण्याने भरलेल्या रबरी पिशवीएवढं असेल, मला काय माहीत. मग किनकेडबाई स्वतः बाहेर आल्या. उंच, पुरुषासारखे हात, बोलणं नीट. म्हणाल्या, कधीपासून आहे, किती वेगाने वाढली, सगळं लिहून आणा. तुझी दोन्ही पत्रंच दिली त्यांना वाचायला. पडद्यांचं पानही गेलं त्यात.

वाट बघते. तुझी, त्याची नव्हे.
मॉड


एडिंबरा
गुरुवार, १९ जून १९९७

चि. हेटीस,
अ. उ. आ., आणि आधी हे वाच: बातमी चांगली आहे.

दवाखान्यातून दुपारी फोन आला होता. मी तुला फोन केला नाही, कारण खाण बंद झाली तरी तुमच्याकडे फोन वाजला की खाणीत काहीतरी झालं असं धरून सगळी गल्ली दारात येते. म्हणून टपाल पकडलं.

कापलेल्या तुकड्याच्या चारही कडा स्वच्छ आहेत. कुठेही रोगाचा मागमूस नाही. जांघेतल्या ज्या दोन गाठी काढल्या होत्या त्याही स्वच्छ. छातीच्या फोटोत काही नाही. किनकेडबाई म्हणाल्या की रोगाभोवतीची बोटभर चांगली कातडी, खालचं मांस आणि ती सगळी जागाच काढली म्हणून हे जमलं. ऑपरेशननंतर त्याला बघून तू विचारलंस ना, एवढं सगळं काढलं, मग उरलं काय. तर उरलं ते आत्ता माझ्या लोकरीच्या टोपलीत झोपलंय.

लघवीला केलेली नवी वाट चालू झाली. थोडी मागे आहे, मादीसारखी. सुरुवातीला तो स्वतःच वळून बघायचा, हे कुठून येतंय म्हणून. आता सवय झाली. तुमच्या क्लबात काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

तरी बाई निर्धास्त नाहीत. ही जात पळणारी, नजरेला न दिसणारं काही उरलं असेल तर ते जाळायला आठवड्यातून एकदा, चार वेळा, किरणांचा उपचार. पहिला काल झाला. दर वेळी पाच मिनिटं गुंगी द्यावी लागते. त्याआधी तीन तासांहून जास्त उपाशी ठेवायचं नाही, फेरेटांच्या पोटात अन्न फार वेळ टिकत नाही आणि अंगातली साखर उतरते. म्हणून मी पहाटे उठून अंडं फेटून देते. हो, मी देते. पेगची पिल्लं सांभाळायला तू परत गेलीस, आता दुसरं कोण देणार? आर्थरची उरलेली बोटं वाचवायला हवी होतीच.

मोरीची फरशी गार आहे. सध्यापुरता झोपायच्या खोलीत ठेवलाय.
काळजी करू नकोस, आणि केलीस तर अर्धी माझ्याकडे पाठव.
मॉड


क्रॉसगिल
२३ जून १९९७

ती. मॉडताईस,
न. वि. वि., आज जमिनीवर डोकं टेकून.

पत्र उभ्यानेच उघडलं. तू पहिल्या ओळीत बातमी चांगली लिहिलीस ते बरं केलंस, नाहीतर मी पोस्टमनला आत बसवून घेणार होते. मग नेलीला वाचून दाखवलं, मग दूधवाल्याला, मग माझ्या नातीला, गेलला, ती दुकानातून डबलरोटी घेऊन आली होती. गेल म्हणाली, आजी, स्वच्छ कडा हे तू चार वेळा वाचलंस. मी म्हटलं, पाचव्यांदा ऐक.

चर्चच्या हॉलात क्लबाची बैठक होती, तिथेही वाचलं. लघवीच्या नव्या वाटेचं गाळणार होते, पण तोंडातून गेलंच. सगळे पुरुष खाली बघायला लागले. फक्त आर्थर म्हणाला, वाट कुठून का असेना, चालू आहे ना.

पेगच्या पिल्लांचे डोळे उघडले. आर्थरने त्यांना पाव-दूध घातलं होतं, मी ओरडले. म्हटलं, किनकेडबाईंनी मला बजावलंय, यांना मांस हवं, पाव-दुधाने पोटं बिघडतात. तर म्हणाला, सत्तर वर्षं आम्ही पाव-दूधच घालत आलो. मी म्हटलं, सत्तर वर्षं चरबीही चोळली आपण.

झोपायच्या खोलीचं वाचलं. गालिच्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस.
माझा जीव तुझ्या टोपलीत आहे, एवढं लक्षात असू दे.
हेटी


एडिंबरा
शुक्रवार, ११ जुलै १९९७

चि. हेटीस,
अ. उ. आ.

गालिच्याबद्दल पुन्हा विचारू नकोस.

चौथा आणि शेवटचा उपचार परवा झाला. कातडी जरा लाल आहे, केस गेलेत तिथले, ते पांढरे येतील म्हणतात. माझा बटाटे सोलायचा चाकू, डंकनचा एक चामडी हातमोजा आणि दूधवाल्याला लिहिलेली चिठ्ठी कपाटामागे सापडली. ठेवा आहे त्याचा. मी परत तिथेच ठेवला, नाहीतर शोधत बसतो बिचारा.

आता खरं सांगते, काल मी शोभा करून घेतली. सकाळी अंडं खाल्लं, आणि एकदम पाठीची कमान करून तो उलटा उडायला लागला. बाजूला उडी, मागे उडी, तोंड उघडं, डोकं हलवतोय, घशातून टुक टुक टुक असा आवाज. कपाटावर आपटला, उठला, पुन्हा उडाला. मला वाटलं फेफरं आलं. वाटलं, किरणांनी मेंदूत काही केलं, आणि मी हेटीला काय सांगू. टॉवेलात गुंडाळला, एप्रनवरच बस पकडली. कंडक्टरने टॉवेल बघितला, काही विचारलं नाही.

किनकेडबाईंनी त्याला जमिनीवर सोडला. त्याने पुन्हा तेच केलं, उलट जास्त. बाईंचे विद्यार्थी भिंतीला टेकून हसायला लागले. बाई मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, मॅकरेबाई, हे फेफरं नाही. फेरेट खूश असला की असा नाचतो. दुखत असलं की नाचत नाही. मी तिथल्या खुर्चीवर बसले. बाप फेरेट पाळायचा, अठराव्या वर्षापर्यंत मी त्या घरात होते, आणि हे कधी बघितलं नव्हतं. चावतील या भीतीने परसातच जात नव्हते ना.

तू एकोणीस तारखेला न्यायला येतेस. ठीक आहे. एक आठवडा उशीर झाला तरी माझी हरकत नाही.
तुझी आणि, बरं, पार्किनची,
मॉड


क्रॉसगिल
१५ जुलै १९९७

ती. मॉडताईस,
न. वि. वि.

तो फेब्रुवारीपासून नाचला नव्हता. तुला मुद्दामच लिहिलं नाही, फेरेटच्या नाचाची वाट बघते म्हटलं असतं तर तू हसली असतीस. तिथे दहा दिवस होते तेव्हा रोज वाट बघत होते. कडा स्वच्छ आल्या तेव्हा आनंद झाला, पण ते कागदावरचं. तुझं पत्र वाचलं आणि मग मी दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात जरा उड्या मारल्या. कपाटावर आपटले नाही, एवढाच फरक.

शनिवारी येते. आठवडाभर उशीर होणार नाही. तू हवं तर आमच्याबरोबर चल.
तुझ्या गालिच्याची अपराधी,
हेटी


क्रॉसगिल
सोमवार, २२ सप्टेंबर १९९७

ती. मॉडताईस,
तुझ्या हेटीचा, गावभर मिरवून आलेल्या हेटीचा, न. वि. वि.

तू आली असतीस तर हे सगळं लिहावं लागलं नसतं, पण गुडघ्याला कोण समजावणार. तर ऐक. परवा, शनिवारी, किनकेडबाई आल्या. मोटारीने, दोन विद्यार्थिनी बरोबर. तपासणीसाठी मी पार्किनला तिकडे आणणार होते, तर त्यांनीच कळवलं की तुमच्या गावात एवढे फेरेट आहेत तर मीच येते, सगळेच बघते. मी गेलकडून पाटी लिहून घेतली आणि चर्चच्या दाराला लावली. मला वाटलं, दहा जण येतील. एकतीस फेरेट आले, ताई. पेट्यांची रांग दारापासून गेटपर्यंत. पलीकडच्या दोन गावांतूनही आले. माझ्या धाकट्या डॉक्टरालाही बोलावलं होतं, तो कान लाल करून पहिल्या रांगेत वही घेऊन बसला.

बाईंनी आधी पार्किनलाच टेबलावर घेतलं, सगळ्यांसमोर. काखेत बोटं, जांघेत बोटं, गळ्याखाली, मग व्रणावरून बोट अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी नेलीचा हात एवढा घट्ट धरला होता की तिची अंगठी माझ्या बोटात रुतली. मग बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, साडेतीन महिने झाले, कुठेही काही नाही. म्हणाल्या, या प्रकारच्या गाठीत बहुतेकदा आत्तापर्यंत ती परत आलेली असते. अजून वर्षभर दर दोन महिन्यांनी बघायचं, पण आज हा फेरेट निरोगी आहे. आणि हिवाळ्यात बिळात सोडायलाही हरकत नाही.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, आमच्यात चर्चच्या हॉलात वाजवत नाहीत. सगळे पुरुष बुटांनी फरशी बडवायला लागले, खाणीतली पाळी संपवून लोखंडी पिंजऱ्यातून वर येताना बडवायचे तशी. पार्किन घाबरला आणि बाईंच्या बाहीत शिरला.

मग त्यांनी विचारलं, सशाच्या लाथेची गाठ म्हणून चरबी कोणी कोणी चोळली आहे, हात वर करा. कोणाचाच हात वर जाईना. मी केला. मग हळूहळू सगळ्यांचे. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी प्रत्येकाचा अंगठा धरून शिकवलं: कुठे दाबायचं, सरकणारी गाठ कशी, धरून बसलेली कशी, किती दिवस वाट बघायची, तर दहा, त्याच्या पुढे एक दिवस नाही. मलाही बोलायला लावलं. मी काय बोलणार, शाळेत कधी फळ्यासमोर उभी राहिले नाही. एवढंच म्हटलं की मी डॉक्टरला छोटं काप म्हटलं होतं, तुम्ही तसं म्हणू नका. आणि खाली बसले.

दोन गाठी निघाल्या. एक नेलीच्या मादीच्या मानेवर, ती साधी चामखिळीसारखी, काढली की संपली. दुसरी निघाली आर्थरच्या ड्यूकच्या पोटाखाली. त्याच जागी. मसुरीच्या डाळीएवढी. आर्थरला स्वतःला सापडली, बाईंनी शिकवलं तसा अंगठा फिरवताना. मी त्याचा चेहरा पाहिला, ताई. चषकवाला, चाळीस वर्षं परीक्षक असलेला. त्याने टोपी काढली. बाईंनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, टीझडेलसाहेब, तपासल्याशिवाय काही सांगत नाही, पण तीच असली तरी मसुरीएवढी असताना सापडली, याहून चांगल्या वेळी सापडत नाही. आर्थर म्हणाला, बाई, तुम्हाला हवं तेवढं कापा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, शेडमागे नाही जाणार या वेळी.

तर आता तुझं काम. बुधवारी ड्यूकचा तुकडा तपासायचाय आणि पुढचं ऑपरेशन तिकडेच होणार. आर्थरला शहरात कोणी नाही. मी त्याला सांगितलंय की माझ्या बहिणीकडे मोरी आहे, पण फरशी गार आहे म्हणून ती झोपायच्या खोलीत ठेवते. तो इतका लाल झाला की मला खुलासा करावा लागला, मी ड्यूकबद्दल बोलतेय. त्याला अंडं फेटून देशील ना? ड्यूकला. आर्थरला डबलरोटी चालते. गालिचा गुंडाळून ठेव.

पार्किन या क्षणी माझ्या उजव्या पायावर चढून पेनाचं टोक पकडायला बघतोय, म्हणून अक्षर असं. पांढरे केस आलेत व्रणावर, उसाची साखर सांडल्यासारखे.

तुझ्या मायेची भूक आमच्या घरात आता दोघांना आहे, तेवढी पाठवत राहा.
तुझी,
हेटी

ता. क. किनकेडबाई आणि त्या दोघी मुली पुन्हा येणार आहेत, सगळे एकतीस परत बघायला आणि पार्किनला बिळाशी सोडलेला बघायला. जाताना तिघींनीही कबूल केलंय: शनिवार, १८ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजता.